लात्रेय आणि तांबड्या खांद्यांचा भुंगेरा

गेल्या पावसाळ्यांत कोंकणांतून आमच्या घरीं आलेल्या सुक्या खोबऱ्याच्या डब्यांत चकचकीत निळ्या रंगाचे दहापांच किडे निघाले. गृहिणीच्या दृष्टीनें हा प्रसंग दुःखाचाच होता. परंतु त्या किड्यांच्या पाठीवरची झळाळी पाहून मला ते सगळेच्या सगळे टाकून देववेनात. त्यांतला एक काडेपेटींत घालून मी आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांकडे घेऊन गेलों. त्यांनीं भिंग लावून क्षणभर पाहिलें आणि ते म्हणाले, "आपण इतिहासाचे लोक. या किड्याच्या सख्ख्या भावानें फ्रेंच राज्यक्रांतींत एका मोठ्या माणसाचा प्राण वांचविला, हें आपणांस ठाऊक असेलच." मला तें मुळींच ठाऊक नव्हतें. पंचवीस वर्षें मी विद्यार्थ्यांना फ्रेंच राज्यक्रांति शिकवीत आलों. मिराबो, दांतों, रोब्सपीअर यांच्या भाषणांचे सारांश आमच्या मुलांना तोंडपाठ असतात. पण एखाद्या किड्याला त्या नाटकांत भूमिका असेल असें माझ्या स्वप्नींही आलें नव्हतें. अध्यापकमहाशयांचें बोलणें जिव्हारीं लागलें म्हणा किंवा कुतूहल म्हणा, त्यानंतरचे कांहीं महिने मीं या एका गोष्टीच्या पाठीमागें घालविले.

गोष्ट सांगण्यापूर्वीं तो किडा कसा आहे हें सांगणें अवश्य आहे. कारण ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक किड्याकडे पाहण्याची तसदीच घेत नाहींत. त्याचें शास्त्रीय नांव नेक्रोबिया रुफिकॉलिस. लांबी अवघी चार ते सहा मिलिमीटर, म्हणजे साळीच्या दाण्याहूनही आंखूड. शरीर लांबट, पाठ किंचित् फुगीर. डोकें काळसर निळें. त्यामागचा वक्षाचा पहिला भाग विटकरी तांबडा. पाठीवर इतर भुंगेऱ्यांप्रमाणें दोन कठिण पंख ढालीसारखे मिटलेले असतात. या पंखांचा मुळाकडचा सुमारें चौथा हिस्सा तांबडा असून तेथून शेवटापर्यंत पोलादाला पाणी द्यावें तसा गडद निळा-जांभळा रंग असतो. पायही तांबडे. भिंगाखालीं धरलें म्हणजे या ढालपंखांवर सुईनें टोंचल्यासारख्या बारीक खळग्यांच्या ओळी दिसतात आणि सर्वांगावर ताठ उभे केंस दिसतात. डोक्यावरच्या शृंगिकांस अकरा पेरीं असतात. त्यांपैकीं शेवटचीं तीन जाड होऊन त्यांची एक सैलशी गदा बनते. रुफिकॉलिस याचा अर्थ तांबड्या मानेचा. वस्तुतः कीटकाला मान अशी नसते आणि तांबडा रंगही त्या कल्पित मानेवरच थांबत नाहीं, तो खांद्यांवर उतरतो. इंग्रज व्यापाऱ्यांनीं या किड्याला खारविलेल्या मांसांत पाहून 'तांबड्या खांद्यांचा' म्हटलें, तें मला अधिक समर्पक वाटतें.

हा भुंगेरा ज्या कुलांत मोडतो त्याला शास्त्रांत क्लेरिडी म्हणतात, आणि इंग्रजींत त्याचें लौकिक नांव आहे 'चौकडीचे भुंगेरे'. पुष्कळांच्या पाठीवर लाल, पिंवळे, निळे पट्टे चौकडीच्या लुगड्यासारखे असतात म्हणून हें नांव. आमच्या कथानायकाच्या अंगावर चौकडी नाहीं. तरी कुल तेंच. आजमितीस या कुलांत साडेतीन हजारांच्या आसपास जाति मोजल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं बहुतेक शिकारी आहेत. युरोपांतील देवदाराच्या वनांत सालीखालीं घरें करून झाडें मारणाऱ्या किड्यांवर या कुलांतील एक भुंगेरा वाघासारखा तुटून पडतो. नेक्रोबियाचा मुलूख निराळा. वाळलेलीं प्रेतें, हाडें, कातडीं, खारविलेलें मांस हें त्याचें वसतिस्थान. तेथें तो तें मांसही खातो आणि त्या मांसावर पोसलेल्या इतर किड्यांच्या अळ्याही खातो. ग्रीक भाषेंत नेक्रोस म्हणजे मृत आणि बिओस म्हणजे जीवन. मृतांवर जगणारा तो नेक्रोबिया. हें नांव लक्षांत असूं द्यावें.

आतां या किड्याला शास्त्रांत घर मिळण्यास किती अडचण पडली तें पाहूं. लिनियसनें १७५८ मध्यें प्राण्यांची जी व्यवस्था लावली तींत कीटकांचे गण पंखांवरून ठरविले होते आणि भुंगेऱ्यांच्या प्रजाति ठरवितांना शृंगिकांच्या आकाराला मोठें महत्त्व दिलें होतें. शृंगिकेच्या टोंकाला गदा दिसली कीं तो कीटक डर्मेस्टिस या प्रजातींत जाण्याचा संभव फार. डर्मेस्टिस म्हणजे कातडीं खाणारे भुंगेरे. आपल्या कीटकाचा जवळचा भाऊ व्हायोलेसिया, जो सर्वस्वीं निळा असतो, त्याला लिनियसनें तेथेंच बसविला होता. लिनियसचा शिष्य फाब्रिसियस यानें गुरूपासून वेगळें होऊन मुखांगांवरून, म्हणजे जबडे व त्यांचे उपांग यांच्या रचनेवरून, नवी पद्धति काढली. तरीसुद्धां १७७५ मध्यें तांबड्या खांद्यांच्या भुंगेऱ्याचें पहिलें वर्णन त्यानें केलें तें डर्मेस्टिस रुफिकॉलिस या नांवानेंच. गंमत अशी कीं, नेक्रोबिया ज्या अळ्यांवर ताव मारतो त्यांत डर्मेस्टिसच्या अळ्याच प्रमुख असतात. म्हणजे शास्त्रज्ञांनीं वाघाला शेळ्यांच्या कळपांत बांधून त्याच्या गळ्यांत शेळीची घंटा अडकविली होती! त्याच १७७५ सालीं स्वीडनच्या द येर नांवाच्या पंडितानें तांबड्या पायांच्या तिसऱ्या भावाचें, म्हणजे आमच्या खोबऱ्यांतल्या किड्याचें, वर्णन केलें आणि त्याला क्लेरस या अगदीं निराळ्या प्रजातींत घातलें. सख्खे भाऊ, आणि घरें दोन. १७९२ मध्यें जर्मनींत हर्ब्स्ट यानें कोरिनेटीस म्हणून आणखी एक प्रजाति उघडली, तीही या मंडळींच्या भाऊबंदांतलीच.

हा घोंटाळा केवळ अज्ञानाचा नव्हता. कोणतें तरी एकच अंग हातीं धरून सर्व सृष्टीची विभागणी करावयाची, हा त्या काळच्या बहुतेक पद्धतींचा पाया होता. कोणी पंख धरी, कोणी जबडा धरी. पॅरिसमधील वैद्य जॉफ्र्वा यानें १७६२ मध्यें पावलांचीं पेरीं मोजण्याची युक्ति काढली. पांच पेऱ्यांचे, चार पेऱ्यांचे, तीन पेऱ्यांचे असे भुंगेऱ्यांचे भाग पाडले. युक्ति सोपी आणि पुष्कळ अंशीं उपयोगी. पण आपल्या या किड्याचें पाऊल तिला चकवितें. त्याच्या पावलाला पेरीं पांच असतात, परंतु चौथें पेरें इतकें लहान आणि तिसऱ्याच्या खोबणींत इतकें दडलेलें असतें कीं उतावळा पाहणारा चारच मोजतो. एका अंगावर विसंबणारा या ठिकाणीं फसतो. पावलें, मुखांगें, शृंगिका, पंख, राहणी या सर्वांची एकत्र साक्ष काढली तरच या जीवाचें गोत्र कळतें. वनस्पतींच्या बाबतींत जुसिए यानें १७८९ मध्यें असा सर्वांगीण विचार करून नैसर्गिक कुलें मांडलीं होतीं. कीटकांच्या बाबतींत तें काम करणारा मनुष्य त्या वेळीं धर्मगुरूचा झगा घालून मध्य फ्रान्समधल्या रानांतून किडे वेंचीत होता.

प्येर आंद्रे लात्रेय याचा जन्म २९ नोव्हेंबर १७६२ रोजीं ब्रीव्ह या गांवीं झाला. तो द'एस्पान्याक नांवाच्या एका सरदार-सेनापतीचा अनौरस मुलगा. बापानें त्याला आपलें नांव दिलें नाहीं. लात्रेय हें आडनांव नव्हे, तें एक टोपणनांव होतें. कायद्यानें तें वापरण्याचा अधिकार त्याला मिळाला तो १८१३ मध्यें, वयाच्या पन्नाशीनंतर. ज्याला स्वतःला कुळाचें नांव नाहीं त्यानें कीटकांना कुलें वांटून द्यावीं, हा योग मोठा विलक्षण खरा. पण त्यावर कल्पनेचे इमले चढविणें मला प्रशस्त वाटत नाहीं. गांवांतील सज्जनांनीं त्याला आधार दिला आणि पुढें पॅरिसमध्यें विद्यालयांत घातलें. तेथें स्फटिकशास्त्राचा जनक आबे आउई याचा त्याला सहवास लाभला. १७८६ मध्यें त्यानें धर्मदीक्षा घेतली. उपजीविका धर्माची आणि ओढ किड्यांची, अशी त्याची स्थिति होती. तेव्हांच्या युरोपांत असे धर्मगुरु दुर्मिळ नव्हते.

१७९० च्या जुलै महिन्यांत राष्ट्रसभेनें धर्मसंस्थेचा नवा कायदा केला आणि पुढें प्रत्येक धर्मोपदेशकानें राज्याशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी असें ठरलें. ज्यांनीं ती घेतली नाहीं ते राष्ट्रद्रोही ठरले. लात्रेयनें शपथ घेतली नव्हती. १७९३ च्या नोव्हेंबरांत तो कैद झाला आणि इतर धर्मगुरूंबरोबर त्याला बोर्दो येथें नेऊन कोंडण्यांत आलें. बोर्दो म्हणजे जिरोंदें पक्षाचें माहेर; त्या पक्षाचा पाडाव झाल्यावर पॅरिसहून तालियां हा प्रतिनिधि तेथें आला होता आणि लाकोंब याच्या अध्यक्षतेखालीं लष्करी न्यायमंडळ बसलें होतें. त्या मंडळानें आठनऊ महिन्यांत सुमारें तीनशें माणसें गिलोटिनवर पाठविलीं. शपथ न घेतलेल्या धर्मगुरूला तेथें दोनच वाटा होत्या: एक वधस्तंभाची, दुसरी जहाजांत कोंबून गियानाच्या दलदलींत पाठविण्याची. दुसरीही बहुधा पहिल्याच ठिकाणीं पोंचत असे.

तुरुंगांत कैद्यांना तपासण्यासाठीं एक वैद्य येई. एका कथनाप्रमाणें तो एका म्हाताऱ्या, आजारी बिशपाची मलमपट्टी करण्यासाठीं येत असे. एके दिवशीं त्याला असें दिसलें कीं, एक कैदी गुडघे टेंकून जमिनीवरच्या फळ्यांच्या फटींतून कांहीं तरी वेंचीत आहे आणि डोळ्यांशीं नेऊन बारकाईनें न्याहाळीत आहे. मृत्यूच्या दारांत बसलेला मनुष्य किड्याचे पाय मोजतो आहे, हें पाहून वैद्याला आश्चर्य वाटलें असल्यास नवल नाहीं. कैद्यानें सांगितलें, हा किडा दुर्मिळ आहे. तेव्हां वैद्यानें तो मागून घेतला; त्याच्या ओळखीचा एक मुलगा कीटकांचा संग्रह करीत असे, त्याला देण्यासाठीं. या मुलाचें नांव बोरी द सँ-व्हँसाँ. पुढें हा मोठा प्रवासी व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला. पण त्या वेळीं तो पंधरा वर्षांचा पोर होता. पोरगा असला तरी लात्रेयचें नांव त्याच्या वाचनांत आलेलें होतें. किडा हातीं पडला, कोणीं पाठविला तें कळलें, आणि त्यानें धांवपळ सुरू केली. बोर्दोंतील दार्जेला नांवाचा दुसरा एक निसर्गप्रेमी त्याच्या मदतीला आला. त्या दोघांच्या खटपटीनें लात्रेय सुटला आणि त्याच्याबरोबर कोठडींतला आणखी एक जण सुटला. मागें राहिलेले महिन्याभरांत मरण पावले असें सांगतात.

येथें इतिहासाच्या माणसाला थोडें थांबलें पाहिजे. मागें राहिलेल्यांचें काय झालें याविषयीं निरनिराळीं कथनें निरनिराळें सांगतात. कोणी म्हणतें त्यांना ठार केलें; कोणी म्हणतें त्यांना घेऊन निघालेलें जहाज किनारा दिसत असतांनाच बुडालें. बिशप कांहीं कथनांत आहे, कांहींत नाहीं. किड्याविषयीं तर एक भ्रम सर्रास आढळतो, तो असा कीं लात्रेयनें तुरुंगांत एक नवी जाति शोधून काढली. हें साफ खोटें आहे. फाब्रिसियसनें तिचें वर्णन अठरा वर्षांपूर्वींच छापलें होतें. आणि तो किडा खरोखर दुर्मिळ तरी होता काय? आज तो व्यापाराच्या जहाजांबरोबर जगभर पसरलेला आहे, हाडांच्या वखारींत आणि मांसाच्या कोठारांत सहज सांपडतो. त्या काळीं फ्रान्समधल्या संग्राहकांना तो क्वचित् मिळत असेल. एवढें मात्र खरें कीं, ज्या ठिकाणीं तो सांपडला तें ठिकाण त्याच्या स्वभावाला अनुरूपच होतें. ज्या तुरुंगाच्या जमिनीखालीं हाडें आणि उंदरांची वाळलेली प्रेतें सांपडावयाचीं, तेथें मृतांवर जगणारा कीटक न निघाला तरच आश्चर्य.

मग या कथेंत खरें काय उरतें? कथेचा गाभा उरतो आणि तो भक्कम आहे; कारण त्याला खुद्द लात्रेयची साक्ष आहे. पुढें लॅटिन भाषेंत लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत या किड्याच्या वर्णनापाशीं येतांच त्यानें शास्त्राची रूक्ष वाट क्षणभर सोडली आहे. हा कीटक मला अत्यंत प्रिय आहे, देशावर अनर्थ कोसळला असतां माझ्या सुटकेला हाच निमित्त झाला, अशा आशयाचे शब्द त्यानें तेथें लिहिले असून बोरी आणि दार्जेला या मित्रांचीं नांवें कृतज्ञतेनें नोंदविलीं आहेत. शृंगिकांचीं पेरीं आणि पावलांच्या खोबणी यांच्या यादींत मधेंच हें एक वाक्य येतें. शास्त्रीय ग्रंथ वाचण्याची मला संवय नाहीं. पण त्या जागीं मी बराच वेळ थबकलों, हें कबूल करतों.

'एका किड्यानें माणूस वांचविला' असें म्हणण्याची पद्धत आहे, त्यावर आमच्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांचा आणि माझा वाद झाला. त्यांचें म्हणणें, किडा नसता तर कांहींच झालें नसतें. माझें म्हणणें असें कीं, तो किडा त्या फळ्यांवरून रोज धांवत असेल आणि कोठडींतल्या इतर धर्मगुरूंच्या पायांखालीं चिरडलाही जात असेल. त्यांच्यापैकीं कोणाचा तो तारक झाला नाहीं. ज्याला त्याच्या पावलाचें चौथें पेरें दिसत होतें त्यालाच तो उपयोगीं पडला. अर्थात् असें पाहणारा डोळा पॅरिसच्या गिलोटिनखालींही एक गेलाच आहे. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याला ८ मे १७९४ रोजीं मारलें तेव्हां त्याची विद्या त्याच्या कामीं आली नाहीं. लात्रेयला बोरीसारखा पोरगा लाभला, लाव्हाझिएला तो लाभला नाहीं, एवढाच फरक.

सुटल्यावर लात्रेय ब्रीव्हला परतला आणि तेथें त्यानें स्वखर्चानें एक लहानसें पुस्तक छापविलें. क्रांतीच्या पंचांगाचें तें पांचवें वर्ष होतें, म्हणजे आपलें १७९६-९७. कीटकांच्या प्रजातींचीं लक्षणें नैसर्गिक क्रमानें मांडणें हा त्याचा विषय. कीटकांच्या गणांचे 'कुल' म्हणून पोटविभाग या पुस्तकांत प्रथम पडले. मौज अशी कीं, या कुलांना त्यानें नांवें दिलीं नव्हतीं, नुसते आंकडे दिले होते. नांवें आलीं तीं १८०२ पासून. पुस्तक ज्यांच्या हातीं पडलें त्या मोजक्या लोकांनीं त्याची किंमत ओळखली. तें ओळखणें लवकरच कामास आलें. कारण १७९७ मध्यें त्याच्यावर पुन्हां बंदीचा प्रसंग आला आणि त्याचीं पुस्तकें जप्त झालीं. या खेपेला क्यूव्हिए, लामार्क यांच्यासारखे थोर पुरुष त्याच्या बाजूस उभे राहिले. १७९८ मध्यें पॅरिसच्या निसर्गसंग्रहालयांत कीटकांची मांडणी करण्याच्या कामावर तो लागला, आणि धर्मगुरूचा झगा कायमचा उतरला.

पुढची हकीकत विद्वानांच्या चरित्रांत नेहमीं आढळते तशीच, म्हणजे काम पुष्कळ आणि वेतन थोडें. क्यूव्हिएच्या १८१७ मधील प्राणिसृष्टीवरील प्रसिद्ध ग्रंथांतला कीटकांचा सगळा भाग लात्रेयनें लिहिला. फाब्रिसियससारख्या प्रतिस्पर्ध्यानें त्याला कीटकशास्त्रज्ञांचा राजा म्हटलें. परंतु संग्रहालयांत अध्यापकाची गादी त्याला मिळाली ती लामार्कच्या मृत्यूनंतर, १८३० मध्यें, सदुसष्टाव्या वर्षीं. त्या वेळीं, दांत गेल्यावर भाकरी मिळाली, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले म्हणतात. आपल्याकडे चणे आणि दांत यांची म्हण आहे. जगांतल्या सर्व विद्यापीठांतून ती थोड्याफार फरकानें चालत असावी. ती गादी त्यानें तीन वर्षेंही भोगली नाहीं. १८३२ मध्यें फ्रान्सची कीटकशास्त्र-संस्था स्थापन झाली, तिनें त्याला सन्माननीय अध्यक्ष केलें, आणि ६ फेब्रुवारी १८३३ रोजीं तो वारला. पेर लाशेझच्या स्मशानांत त्याच्या थडग्यावर उभारलेल्या दगडी स्तंभावर तो भुंगेरा कोरलेला आहे आणि खालीं, हा लात्रेयचा तारक, अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत.

कीटकांच्या आजच्या सूचींत नांवापुढें तें प्रथम देणाऱ्याचें नांव लिहिण्याचा प्रघात आहे. म्हणून मीं मोठ्या अपेक्षेनें सूची उघडली. जातीच्या नांवापुढें 'फाब्रिसियस, १७७५' असें कंसांत आढळलें. कंस एवढ्याचसाठीं कीं त्यानें ज्या घरांत तिला बसविलें होतें त्या घरांतून पुढें ती हलविली गेली. ठीक. नेक्रोबिया हें प्रजातीचें नांव तरी लात्रेयचें असेल, कारण त्याच्या त्या लहान पुस्तकांत ही प्रजाति आहे आणि लोकांत श्रेय त्यालाच मिळतें. पण तेथें 'ऑलिव्हिए, १७९५' असें छापलेलें. ऑलिव्हिएचा ग्रंथ वर्षभर आधीं निघाला आणि शास्त्राचा कायदा तारखेला मान देतो. ज्या किड्यानें प्राण वांचविला त्याच्या दोन्ही नांवांवर लात्रेयचा हक्क नाहीं. मग आणखी एक पायरी वर गेलों. क्लेरिडी, म्हणजे चौकडीच्या भुंगेऱ्यांचें समग्र कुल, त्याच्यापुढें मात्र 'लात्रेय, १८०२' असें स्पष्ट लिहिलें आहे. त्या कुलांत साडेतीन हजार जाति आहेत, आणि त्यांतच तांबड्या खांद्यांचा, सर्वांगीं निळा आणि तांबड्या पायांचा, हे तिन्ही भाऊ आतां एका घरांत नांदत आहेत.

आमच्या घरचें खोबरें दोन दिवस कडक उन्हांत घातलें आणि प्रकरण मिटलें. तो एक किडा मात्र अद्याप माझ्या टेबलावर काडेपेटींत आहे. त्याचे पाय तांबडे आहेत, खांदे निळेच. म्हणजे हा द येरचा, लात्रेयचा नव्हे. त्याच्या उजव्या पावलाचीं पेरीं मीं तीन वेळां मोजलीं. दोनदां चार भरलीं, तिसऱ्या खेपेला पांच.